आज्ञावली-संपादकाची निवड : एक उपेक्षित निकष

आज्ञावली लिहिण्यासाठी कोणता संपादक वापरावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा वेग आणि सोय या दोनच अंगांनी केली जाते. लोणी काळभोर येथे कला, अभिकल्प आणि तंत्रज्ञान यांचे शिक्षण एकाच विद्यापीठात चालते. अशा ठिकाणी एकाचा संगणक विंडोजचा, दुसऱ्याचा मॅकचा, तिसऱ्याचा लिनक्सचा आणि काम मात्र सर्वांचे मिळून एक, असे सहज घडू शकते. तेथे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत अविकृत पोचतो की नाही, हीच संपादकाची खरी परीक्षा होय.

ओळीच्या शेवटाचा घोळ परिचित आहे. विंडोज तेथे दोन चिन्हे ठेवते, लिनक्स एकच. विंडोजच्या नोटपॅडला लिनक्सची ओळ २०१८ पर्यंत उमगत नव्हती! तथापि हा भेद आता कोणताही बरा संपादक सावरून घेतो. मराठीचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. भेद केवळ रकाराच्या रूपाचा. यांतील पहिला रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : टिंबाच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या संपादकास मात्र ते सामान्यतः भिन्न शब्द. दोघांनी टंकलेल्या धारिका एकत्र आल्या की शोध अर्धाच लागतो, आणि तो अर्धा आहे हे कळतही नाही.

विमची परंपरा १९७६ च्या व्हीआयपर्यंत पोचते; त्याची चपळाई वादातीत आहे. परंतु टर्मिनलच्या समान चौकटींत आपली जोडाक्षरे अनेकदा विस्कटतात. २०१५ साली आलेला व्हीएस कोड क्रोमियमच्या आधाराने देवनागरी नीट दाखवितो, पण स्मृती फार खातो. त्याच घडणीचा ॲटम २०२२ च्या अखेरीस बंद झाला, हेही विसरता येत नाही. ईमॅक्सने २०२० मध्ये हार्फबझचा अवलंब केल्यापासून त्यातील देवनागरी पुष्कळ सुधारली असून, शिकावयास कठीण असला तरी प्रस्तुत लेखकाचा कौल त्यालाच आहे.

मात्र दोन रकारांचा प्रश्न यांपैकी एकही संपादक आपण होऊन सोडवीत नाही. इन्स्क्रिप्ट मांडणी तिन्ही प्रणालींवर मिळते व तीत ऱ ला स्वतंत्र स्थान आहे. आरंभीच सर्वांनी तेच वापरण्याचे ठरवावे आणि जुन्या धारिकांतील जोडचिन्हे शोधून काढावीत.