हेवा, संकोच आणि मोबदला

प्रत्येक कृतीचा मोबदला आकड्यात ठरवायचा आणि तो वाढवायला यंत्राला मोकळे सोडायचे, ही ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ची साधी रीत. शिकणारा एकटा असतो तोवर ती निभते. पण एकाच जागी पाच जण शिकू लागले आणि एकाचा फायदा दुसऱ्याच्या तोट्यातून निघू लागला, की मोबदल्याची आखणी हा नीतीचाही प्रश्न होतो. डीपमाइंडमधील एडवर्ड ह्यूज, जोएल लायबो आणि सहकाऱ्यांचा २०१८चा शोधनिबंध मी याच दृष्टीने वाचला.

निबंधातल्या एका खेळात नदी आहे आणि सफरचंदांची बाग. नदीत घाण साचली की बागेत फळ धरत नाही. फळ खाल्ले तर गुण मिळतात, नदी साफ केली तर काहीच नाही. साहजिकच सगळे बागेत थांबतात आणि बाग ओस पडते. दुसऱ्या खेळात फळे ओरबाडून नेली तर ती पुन्हा येत नाहीत.

यावरचा उपाय अर्थशास्त्रातून घेतला आहे. फेर आणि श्मिट यांच्या १९९९च्या सूत्रानुसार दुसऱ्याला जास्त मिळाले तर माणसाला हेवा वाटतो, आणि आपल्यालाच जास्त मिळाले तर संकोच. या दोन्हींची किंमत मोबदल्यातून वजा केली. नदीच्या खेळात संकोच कामी आला. घाण काढायला हात पुढे आले. फळे राखण्याच्या खेळात मात्र हेवाच उपयोगी ठरला, कारण हेवेखोर हावऱ्यांना दंड करू लागले. हेव्याकडून राखणदारी करून घेणारा हा निष्कर्ष मला निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

माझा आक्षेप पुढचा आहे. इथे पाचही जणांच्या मनात काय भरायचे ते एकच हात ठरवतो. उद्या निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच रस्त्यावर किंवा एकाच बाजारात उतरतील, तेव्हा आपल्या यंत्रात संकोच कोण घालील? संकोची मंडळींत एक निर्ढावलेला शिरला, तर तो सर्वांच्या जिवावर खाईल.

सामाईक पाण्याचा असाच पेच धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीने वेगळ्या वाटेने सोडवला. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले, एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन साधारणपणे अनेक फडांत विखुरलेली. पाणी कमी असले की कोणता फड पडीक ठेवायचा हे लाभधारक मिळून ठरवतात. झळ थोडीथोडी सर्वांना लागते. पाणी द्यायला पाटकरी असतो. कुणी मनाने उदार असण्यावर ही व्यवस्था विसंबलेली नाही. शेजाऱ्याचे नुकसान आपलेही ठरावे, अशी शेतांचीच मांडणी आहे.

नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलण्यातही वाटा हवा, असे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०च्या ग्रंथात दाखवले. ह्यूज आणि सहकाऱ्यांच्या खेळाडूंना तो वाटा नाही. त्यांनी शेतकरी घडवला, शेत होते तसेच ठेवले. मोबदल्याच्या पुढच्या आखणीची सुरुवात शेतापासून व्हावी, असे मला वाटते.