शब्दहीन संगीताचे निवेदन

नभोवाणीवरील गीतनिवेदनाचा साचा रूढ आहे : चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. इलेक्ट्रॉनिक संगीतात बहुधा गायक नसतो, शब्दही नसतात. हा साचा तेथे रिता पडतो. मग निवेदक 'धमाल', 'भन्नाट' अशा विशेषणांचा आश्रय घेतो. त्यांतून निवेदकाचा उत्साह कळतो. काय ऐकावे, हे कळत नाही.

चरणजित सिंग यांची १९८२ सालची ध्वनिमुद्रिका उदाहरणार्थ घ्यावी. तीत रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग वाजविले आहेत. येथे केवळ रागनाम सांगणे पुरेसे नाही. राग पुढे सरकतो, पण यंत्राचा ठेका जागचा हलत नाही. या दोहोंतील ताणातच त्या मुद्रिकेचे वैशिष्ट्य आहे, आणि निवेदकाने नेमके तेच सांगावयास हवे.

त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ठेका, आवर्तन, खर्ज, घुमारा हे शब्द हलगी-संबळ ऐकत वाढलेल्या नांदेड-लातूरकडील श्रोत्यास परके नाहीत. मात्र याच भागात 'डीजे' ही संज्ञा माणसाऐवजी मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांची वाचक झाली आहे : 'डीजे लावला' असेच लोक म्हणतात. हा अर्थबदल निवेदकांनी गंभीरपणे घ्यावा. सांगणाऱ्याने सांगणे सोडले, की त्याचे नाव यंत्रास मिळते.