रात्रीच्या गप्पांचे तुकडे

मराठी दूरचित्रवाणीने रात्र कधी आपली मानलीच नाही. अमेरिकेत १९५४ साली ‘द टुनाइट शो’ सुरू झाला, तो दिवसाची कामे आवरून अंथरुणाला पाठ टेकता टेकता बघायचा कार्यक्रम म्हणून. त्यामुळे त्यातल्या बोलण्याला एक सैलपणा आला, दिवसा न बोलायचे विषय आले. हिंदीत शेखर सुमन यांनी १९९७ पासून ‘मूव्हर्स अँड शेकर्स’मध्ये तो घाट आणला. आपल्याकडे गप्पांचा कार्यक्रम म्हणजे नऊ-साडेनवाचा, जेवणाच्या ताटासमोरचा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून बघायचा. ‘चला हवा येऊ द्या’ घ्या नाहीतर ‘खुपते तिथे गुप्ते’, दोन्ही याच वेळेचे आणि याच घरासाठी बेतलेले.

पण आमच्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत नऊ-साडेनवाला सेकंड शिफ्ट ऐन भरात असते. फाउंड्रीची भट्टी कुणाच्या मालिकेसाठी थांबत नाही. शिफ्ट सुटते तेव्हा घरचा टीव्ही बंद झालेला असतो आणि पोरे झोपलेली असतात. मग चहाच्या गाड्यावर, वडापच्या जीपची वाट बघत, नाहीतर घरी जाऊन पाठ टेकल्यावर हातातल्या फोनवर तो कार्यक्रम बघितला जातो, पण दीड-दोन मिनिटांच्या तुकड्यांनी. हाच मराठीतला खरा रात्रीचा प्रेक्षक आहे. त्याच्यासाठी म्हणून कुणी काही बनवत नाही, दुसऱ्यांसाठी बनवलेल्यातले कापून त्याला देतात.

कापल्याने काय होते, हे ‘चला हवा येऊ द्या’मधल्या पत्रांवरून नीट कळते. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि खाकी कपड्यातला पोस्टमन होऊन सागर कारंडे यांनी वाचलेली ती पत्रे हा त्या कार्यक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग होता. कार्यक्रमातल्या थुकरटवाडी या काल्पनिक गावात सगळा धिंगाणा चाललेला असायचा. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांनी हसवून हसवून प्रेक्षकाला पार मोकळे केलेले असायचे, आणि त्या मोकळ्या मनावर ते पत्र येऊन पडायचे. हसता हसता गळा दाटायचा तो म्हणूनच. यूट्यूबवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ते पत्र एकटे आले. आधीचे हसू कापले गेले, मागे आणखी करुण संगीत चढवले गेले. शब्द तेच, आवाज तोच, पण पहिल्या सेकंदापासूनच ‘रडा’ अशी सूचना. जगताप यांच्या लेखनातला संयम त्या तुकड्यात दिसतच नाही, कारण संयम दिसायला आधीची अर्धी घटका लागते.

पुढे पुढे तर आधी तुकडा ठरला आणि मग कार्यक्रम. ‘खुपते तिथे गुप्ते’ सुमारे दहा वर्षांच्या खंडाने २०२३च्या जूनमध्ये परतला, पहिले पाहुणे होते राज ठाकरे. अवधूत गुप्ते हे गाणारे, मनमिळाऊ सूत्रसंचालक आहेत. समोरच्याला खुलवायची हातोटी त्यांच्याकडे आहे. पण भाग लागण्याआधीच त्यातली सणसणीत वाक्ये झलक म्हणून फोनवर फिरलेली असत, आणि भाग बघताना आपण ते वाक्य कधी येते एवढीच वाट बघत बसायचो. मुलाखतीचा जीव असतो दुसऱ्या प्रश्नात. पहिल्या प्रश्नाला पाहुणा पाठ करून आलेले उत्तर देतो, दुसऱ्याला तो स्वतः बोलतो. सुधीर गाडगीळ यांनी मुलाखत ही रंगमंचावरची कला म्हणून रुजवली ती या दुसऱ्या प्रश्नाच्या बळावर. टाळ्यांचे वाक्य हाती लागले की पुढच्या विषयाकडे वळायचे, ही सवय मराठी पडद्याला आता जडली आहे आणि ती मला फार खुपते.

फोनसाठीच मुद्दाम केलेले काम याहून प्रामाणिक ठरले. भाडिपा या यूट्यूब वाहिनीच्या ‘कास्टिंग काउच’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी २०१६ मध्ये मुलाखतीच्या साच्याचीच खिल्ली उडवली. अभिनेत्री राधिका आपटेसारख्या पाहुणीसमोर दोघे अजागळ यजमान बसवले, आणि ते कापून नव्हे तर सलग बघण्यासाठी रचले. पुढे ‘अमुक तमुक’, ‘मित्रम्हणे’ यांसारखे तास-तासभराचे पॉडकास्ट आले. ते लोक ऐकतात, शिफ्टमधून सुटलेली माणसेही ऐकतात, इअरफोन कानात घालून, भाग अर्धा राहिला तर उद्या उरलेला. म्हणजे ‘लोकांना आता धीर नाही’ हे चॅनेलवाल्यांचे पालुपद खोटे आहे.

आमच्या भागाला तर ते मुळीच लागू पडत नाही. कुपवाडला खेटून असलेल्या मिरजेत, दर्ग्याच्या आवारात, गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा रात्र रात्र चालत आली आहे. तिला येणारे सगळेच काही जाणकार नसतात. सतारी बनवणारे, दुकानदार, कामावरून परस्पर आलेले लोक मांडी घालून बसतात आणि विलंबित ख्याल सावकाश उलगडू देतात.

बरे, तुकड्यांवर कार्यक्रम तगतो असेही नाही. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने २०२५च्या जुलैमध्ये स्टीफन कोल्बेअर यांचा ‘द लेट शो’ बंद करण्याची घोषणा केली, कारण दिले पैशाचे. आपल्या वेळेत पहिल्या क्रमांकावर असलेला, रोज सकाळी जगभर ज्याचे तुकडे फिरत असा हा कार्यक्रम. आपल्या वाहिन्यांनी नक्कल करताना एवढे तरी बघावे.

पॉडकास्टवाल्यांनाही मात्र सगळे माफ नाही. दोन तास माइक चालू ठेवला म्हणजे गप्पा खोल होत नाहीत. पुष्कळ ठिकाणी यजमान नुसता मान डोलावतो आणि पाहुणा आपल्या यशाची गोष्ट तिसऱ्या जागी तिसऱ्यांदा सांगतो. पाहुणेही तेच ते: नट, दिग्दर्शक, पुण्या-मुंबईचे डॉक्टर, उद्योजक. सांगलीकडची बोली पडद्यावर येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. ‘चला हवा येऊ द्या’ने महाराष्ट्र दौरा केला, गावोगावी मंच लावला, ते मोठेच काम होते, पण तिथेही गावकरी समोर बसले आणि मंचावर बोलले ते कलाकार. वितळलेले लोखंड साच्यात ओतताना रंगावरून त्याची तयारी ओळखणारा कारागीर कुपवाडच्या फाउंड्रीत भेटतो. एखाद्या चांगल्या यजमानाने त्याला ‘कसं ओळखता?’ असे विचारावे, आणि तो ‘सवयीनं’ म्हणाला की तिथे न थांबता पुढचा प्रश्न विचारावा. असा भाग रात्री बारा वाजता टाका, सलग टाका. बघणारे त्या वेळी जागेच असतात.