दुःखसहनकथेचा श्रोता

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत आपल्या धर्मग्रामांत जेवढे मराठी कानांवर पडते, तेवढे वर्षाच्या इतर कोणत्याही काळात पडत नसेल. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचे वाचन, पवित्र शुक्रवारी योहानाच्या शुभवर्तमानातील तो दीर्घ पाठ, आणि जोडीला गीते व प्रवचने. या साऱ्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. भक्तीच्या वस्तूची चिकित्सा करू नये असा संकोच त्यामागे असावा. आम्हांस तो संकोच उचित वाटत नाही. विरार स्थानकावर गाडीतून उतरून, घरी न जाता, शुक्रवारच्या संध्याकाळी थेट चर्चमध्ये येणाऱ्या माणसाचा उपवासकाळ त्या अर्ध्या तासात कानी पडणाऱ्या शब्दांवर पुष्कळसा अवलंबून असतो. ते शब्द त्याला कथेत सामावून घेतात, की नुसते बाहेर उभे करून रडावयास सांगतात, याचा विचार झाला पाहिजे.

मराठीत ही कथा प्रथम विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. साधारण अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याचा आपल्याकडे गौरव पुष्कळ होतो, पण तो बहुधा मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या चार-दोन ओव्यांपुरता. पाठ्यपुस्तकांत त्या ओव्या येतात, संमेलनांच्या व्यासपीठांवरून त्या म्हटल्या जातात, आणि आपणही अभिमानाने मान डोलावतो. ज्या प्रभूसाठी पुराण रचले त्याच्या दुःखसहनाचे अध्याय मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असतील. भाषेच्या अभिमानाने ग्रंथ झाकून टाकल्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आठवत नाही.

या पुराणाच्या आरंभी जो प्रसंग आहे तो आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धर्मशिक्षणासाठी जमलेल्यांपैकी एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? म्हणजे हा ग्रंथ जन्मतो तोच श्रोत्याच्या तक्रारीतून. पुढेही कथा सांगता सांगता पाद्री थांबतो, ऐकणारे शंका विचारतात, तो उत्तर देतो आणि मग कथा पुढे सरकते. ही आपल्या पुराणकथनाची जुनीच रीत. स्टीफन्स यांनी ती उचलली, याचे श्रेय अभ्यासक त्यांच्या भाषाप्रभुत्वाला देतात. आमच्या मते त्यात भाषेपेक्षा अधिक काही आहे. देवाचा पुत्र इतका निर्बल होऊन का मेला, असे विचारण्याचा अधिकार श्रोत्याला आहे हे या ग्रंथाला मान्य आहे.

वसई-साष्टीच्या मुलखाशी अधिक जवळचा ग्रंथ दुसराच आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या धर्मगुरूंचे दुःखसहनावरील पुराण १६५९ साली लिस्बनमध्ये छापले गेले. त्याची बोली उत्तर कोकणच्या ख्रिस्ती जनतेची. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापले गेले, यावरूनच त्याची मागणी दिसते. स्टीफन्स यांच्या रचनेतील पांडित्य व डौल त्यात नाही. परंतु ख्रिस्ती घरांत नुसते पुराण म्हटले की लोकांना हेच आठवे. घरात बसून, आपल्याच बोलीत, सुरावर म्हटलेली दुःखसहनकथा ही जी वस्तू होती, ती आज विरारच्या कोणत्या घरात उरली आहे?

तिची जागा क्रुसाच्या वाटेने घेतली, असे म्हणता येईल. चौदा स्थाने १७३१ साली बाराव्या क्लेमेंट पोपमहाशयांच्या काळात निश्चित झाली आणि त्याच शतकात संत आल्फोन्स लिग्वोरी यांनी त्यांवर रचलेल्या प्रार्थना जगभर पसरल्या. आपल्याकडील पुस्तिकांवर त्या प्रार्थनांची छाया उघड दिसते. लिग्वोरींचा भर पश्चात्तापावर आहे, प्रत्येक स्थानी ‘मी’ बोलतो, आणि हे त्यांचे बळ आहे. मराठीत येताना मात्र तो ‘मी’ फार संस्कृतप्रचुर झाला. घोर, दारुण, असह्य अशी विशेषणे एकामागून एक येतात आणि चौदाव्या स्थानापर्यंत कान बधिर होतात. मार्काच्या शुभवर्तमानात क्रुसावर खिळण्याची घटना किती थोड्या शब्दांत उरकली आहे, हे वाचकांनी एकदा उघडून पाहावे. शुभवर्तमानकाराने जेथे मौन पाळले, तेथे आपण विशेषणांनी भरती केली. आणखी एक गोष्ट. या भक्तीत लोकांना उत्तर आहे, प्रश्न नाही. ठरलेला प्रतिसाद द्यावा, गुडघे टेकावेत, उठावे. पुराणातील शंका विचारणारा श्रोता येथे उरलेला नाही. (प्रभूचे तीन वेळा पडणे व वेरोनिकेची भेट शुभवर्तमानांत नाही, हे मुले विचारतात तेव्हा आपण त्यांना गप्प करतो. वास्तविक १९९१ च्या पवित्र शुक्रवारी दुसरे जॉन पॉल पोपमहाशय यांनी रोमच्या कलोसियममध्ये केवळ शुभवर्तमानांवर आधारलेली चौदा स्थाने वापरली होती.)

जुने ते सारे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सतराव्या शतकातील दुःखसहनकाव्यांवर युरोपच्या त्या काळातील एका दृष्टीचे ओझे आहे. प्रभूच्या मृत्यूचा सारा दोष यहुदी लोकांवर टाकण्याची ती दृष्टी. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती निःसंदिग्धपणे नाकारली. आपल्या कोकणात शतकानुशतके बेने इस्रायल शेजारी म्हणून नांदले, त्यामुळे आपल्याला तर ती मुळातच परकी वाटावयास हवी. ही पुराणे आज वाचावयाची तर हे भान ठेवूनच. दोष दुसऱ्या जमातीवर टाकला की उपवासकाळाचे प्रयोजनच संपते.

येथे आजच्या उपासनेने एक मोठी गोष्ट साधली आहे. दुःखसहनाचा पाठ वाटून वाचतात तेव्हा जमावाचे शब्द भाविकांच्या तोंडी येतात. त्याला क्रुसावर द्या, ही मागणी आपणच करतो. नंदाखालचे चर्च १५७३ सालचे. इतक्या जुन्या धर्मग्रामात शेकडो कंठांतून ती मागणी एकाच वेळी उठते, तेव्हा श्रोता पुन्हा कथेच्या आत येतो. खेद इतकाच, की हे वाक्य आपण कंटाळल्यासारखे, पुस्तिकेत नाक खुपसून म्हणतो.

या वाचनासाठी भाषा कशी हवी, याचा विचार करताना दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव टाळता येत नाही. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली राजहंस प्रकाशनाने काढले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. वसईच्या मातीत वाढलेल्या या लेखकाला मराठी वाचक कोठे अडखळतो हे नेमके ठाऊक होते. त्यांच्या गद्याने बायबलभोवतीचे परकेपण पुष्कळ दूर केले आणि ते अख्रिस्ती वाचकांच्या घरांतही पोहोचले, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही एक मर्यादा नोंदवावीशी वाटते. सुबोध गद्य समजते, पण पाठ होत नाही. ओवी कळली नाही तरी जिभेवर राहते आणि कधीतरी पन्नासाव्या वर्षी कळते. डोळ्यांनी वाचावयाचे बायबल आपणांस मिळाले, तोंडाने म्हणावयाचे दुःखसहन मात्र आपण गमावले. हा दोष दिब्रिटो यांचा नव्हे. कवींनी करावयाचे काम अनुवादकाकडून कसे अपेक्षावे?

आणि कवी आपल्याकडे नाहीत असे थोडेच आहे! विरारच्या पश्चिमेकडील गावांतून सामवेदी बोलीत लग्नाची गाणी भरभरून आहेत. उपवासकाळात लग्ने नसतात, म्हणून बोलीलाही जणू चाळीस दिवस सुट्टी मिळते. दुःख सांगावयाचे झाले की आपण ताबडतोब ग्रंथांच्या मराठीकडे वळतो, आणि शहराच्या बाजूची मुले इंग्रजीकडे. आजी ज्या भाषेत विहिणीची थट्टा करते, त्याच भाषेत पेत्राने नाकारलेल्या मित्राची कथा सांगू शकणार नाही काय? त्या दासीचा प्रश्न, पेत्राचे ते तीन वेळा नाही म्हणणे, कोंबड्याचे आरवणे, हा सारा प्रसंग अंगणातल्या शेकोटीपाशीच तर घडतो.

संगीताविषयी थोडक्यात. उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाच्या आधारापुरती वाजवावीत, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आमच्या अनुभवास येते ते उलटच. कीबोर्डचा गडगडाट इतका, की गीताचे शब्द ध्वनिवर्धकाच्या बाजूला बसलेल्यांनाही लागत नाहीत.

क्रिस्तपुराणाच्या देवनागरी आवृत्त्या आता उपलब्ध आहेत. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची, फादर द्रागो यांची १९९६ ची. येत्या उपवासकाळात एखाद्या धर्मग्रामाने शुक्रवारच्या चौदा स्थानांपैकी दोन-तीन ठिकाणी छापील प्रार्थनेऐवजी त्यातील चार ओव्या म्हणून पाहाव्यात, आणि त्यानंतर कुणाला काही विचारावयाचे असल्यास विचारू द्यावे. फादरांना उत्तर लगेच देता आले नाही तरी चालेल.