‘संजीवक’ या शब्दाची झडती

द्राक्षबागायतदाराच्या तोंडी ‘संजीवक’, पाठ्यपुस्तकात ‘संप्रेरक’. वनस्पतींमधल्या हार्मोन्ससाठी मराठीत हे दोन शब्द रुळले आहेत. पहिला जीव देतो, दुसरा प्रेरणा. मी वनस्पतिशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नव्हे. कोशांतून शब्दांचा माग काढता काढता इकडे वळलो, आणि शोधनिबंध वाचू लागल्यावर दोन्ही शब्द खुपू लागले.

‘संप्रेरक’चा दोष मराठीचा नाही. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली प्राण्यांच्या शरीराविषयी बोलताना ‘हार्मोन’ हा शब्द आणला, तोच ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपण तो इमानाने उतरवला. वनस्पतीच्या पेशीत मात्र बरेचदा वेगळेच घडते. जॅस्मोनेट घ्या. किडीने पान कुरतडले की ते वाढते. बचावाची जनुके चालू करणारे मायसी२ हे प्रथिन पेशीत आधीपासूनच हजर असते, पण जॅझ प्रथिनांनी त्याला दाबून धरलेले असते. जॅस्मोनेट जॅझला सीओआय१ या ग्राहीशी जोडून देते, पेशी जॅझची विल्हेवाट लावते आणि जनुके बोलू लागतात. २००७ साली जॅझ सापडले तेव्हा हा उलगडा झाला. प्रेरणा कसली, दाबणारा हात तेवढा दूर होतो! ऑक्झिनचीही तऱ्हा हीच.

‘संजीवक’ तर याहून फसवा. टोमॅटोच्या पानांवर काळे ठिपके पाडणारा स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू कोरोनाटिन नावाचे विष तयार करतो, आणि ते जॅस्मोनेटचे सोंग घेते. झाड किडीशी लढायची तयारी करू लागते. जिवाणूविरुद्ध कामी येणारी सॅलिसिलिक आम्लाची यंत्रणा मंदावते. जिवाणूची चाहूल लागून मिटलेली पर्णरंध्रेही पुन्हा उघडतात. सीओआय१ हे नावच मुळी ‘कोरोनाटिनला दाद न देणारे’ याचे लघुरूप. अशा रोपांचे वर्णन १९९४ साली आले. ती जॅस्मोनेटलाही बधत नव्हती, त्यांना धड पराग धरत नव्हते, पण जिवाणूला ती जास्त पुरून उरली. निरोप न ऐकणारे झाड रोगातून वाचते, हे ‘संजीवक’ म्हणणाऱ्याला कसे समजवावे? रुंद पानांची तणे मारणारे २,४-डी हेही कृत्रिम ऑक्झिनच आहे.

मला ‘संकेतद्रव्य’ बरा वाटतो. शब्द जड आहे, फवारणीच्या वेळापत्रकात तो कुणी लिहिणार नाही, हे ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकात तरी त्याला जागा मिळावी.