शब्द ओसरल्यावर : जॉन बेली यांचा 'आयरिस'

ऑक्सफर्ड येथील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक जॉन बेली यांनी आपल्या पत्नी, कादंबरीकार व तत्त्वचिंतक आयरिस मर्डॉक, यांच्यावर लिहिलेला 'आयरिस' हा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. मर्डॉक यांना अल्झायमर विकार असल्याचे निदान १९९७ साली झाले होते. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्या निवर्तल्या. सव्वीस कादंबऱ्या लिहिणारी व्यक्ती मोजक्या शब्दांवर येऊन ठेपते आणि १९५६ पासून तिच्याशी संसार करणाऱ्या पतीस ते नित्य पाहावे लागते, हा ग्रंथाचा विषय होय. त्याचे 'तेव्हा' व 'आता' असे दोन भाग आहेत. पहिल्यातील प्रणयाच्या व नदीतील पोहण्याच्या आठवणी हृद्य आहेत, इतके म्हणून पुढे जाण्यास हरकत नाही.

खरे मोल आहे ते आयरिसबाईंच्या उरलेल्या बोलण्याच्या नोंदींत. आपण केव्हा निघायचे, असा प्रश्न त्या वारंवार करतात. कोठे जावयाचे ते ठरलेले नसते, आणि निघण्याची इच्छा तरी असते की नाही, कोण जाणे. तथापि प्रश्नाची घडण निर्दोष आहे. भाषेच्या अभ्यासकास ही नोंद लाखमोलाची वाटावी. पीटर गॅरर्ड व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली मर्डॉक यांच्या १९५४, १९७८ व १९९५ सालच्या तीन कादंबऱ्यांची तुलना केली, तेव्हा अखेरच्या कादंबरीत शब्दसंपत्ती आक्रसलेली दिसली. वाक्यरचनेत मात्र फारसा फरक आढळला नाही. मर्डॉक हाताने लिहीत आणि संपादकांस फेरफार करू देत नसत, म्हणून हा पुरावा विशेष विश्वसनीय ठरतो. शब्द ओसरतात, वाक्याचा सांगाडा मागे राहतो. मराठीत रूढ झालेला 'स्मृतिभ्रंश' हा शब्द या दृष्टीने अपुराच म्हटला पाहिजे; तो सारा दोष स्मरणावर टाकतो आणि वाणीच्या झिजेचा निर्देशही करीत नाही.

बेली या प्रश्नास माहितीची मागणी समजून उत्तर देत नाहीत, थट्टेने देतात; आणि आयरिसबाईंच्या मुद्रेवर हसू उमटते. संबंध राखणे एवढेच काही बोलण्याचे कार्य असते, हे मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ साली दाखविले होते. येथे ते कार्य इतर सारी कार्ये लोपल्यावरही चालू आहे. आपला संतापही बेली झाकून ठेवीत नाहीत, आणि त्यामुळे या नोंदींवर विश्वास बसतो.

तो डळमळतो तो अन्यत्र. बेली हे मुरलेले समीक्षक. संहितेत रिकामी जागा दिसली की तीत अर्थ भरण्याचा त्यांचा हात थांबत नाही. पत्नीच्या मौनात ते समाधान वाचतात, कधी पूर्वीचीच ऋजुता वाचतात. हे वाचन खरे असेलही. परंतु जिच्याविषयी ते केले, तिला ते खोडता येत नव्हते. शिवाय ग्रंथ तिच्या हयातीत छापला गेला. स्वतःच्या मजकुरातील शब्दही संपादकास बदलू न देणाऱ्या लेखिकेची संमती येथे घेणे शक्यच नव्हते. बेलींच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण या आक्षेपाला ते उत्तर होत नाही. ज्या पृष्ठांवर ते केवळ ऐकतात व ऐकलेले उतरवून ठेवतात, तेथे तो आक्षेप पुष्कळ सौम्य होतो. आणि अशी पृष्ठे ग्रंथात थोडी नाहीत.