काचेतली जवारी

मोडीत काढलेली वस्तू काही वर्षांनी दिवाणखान्यात परत येते, तेव्हा ती मानकरी होऊन येते. तांब्याचा बंब, पितळी कडीचा डबा, आजीचा पाट यांचे हेच झाले. आता पाळी व्हॉल्व्हची आहे. ज्या घरांनी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला, तशाच काही घरांत आज काचेच्या पेटत्या नळ्या उघड्या मिरवणारे अँप्लिफायर येऊन बसले आहेत. साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत काय किंवा सांगलीच्या गावभागात काय, गाण्याचे शौकीन जमले आणि विषय निघाला, की कोणी तरी म्हणतोच, "काही म्हणा, व्हॉल्व्हचा आवाज तो व्हॉल्व्हचाच!" सगळे माना डोलावतात आणि वाद संपतो.

माझ्या मते वाद खरा तेथे सुरू व्हायला हवा. एखादी कादंबरी 'गोड आहे' एवढे म्हटल्याने जसे तिचे परीक्षण होत नाही, तसे यंत्राचेही होत नाही. गोड आहे, मान्य. पण हा गोडवा कोणाचा? गवयाचा, की यंत्राचा?

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे घरातल्या मुलांसाठी चार ओळींत सांगतो. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तार तापते. तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. वाटेत एक बारीक जाळी असते. गाण्याची क्षीण विद्युत्‌लहर या जाळीवर आणून सोडली, की ती देवळाच्या दारातल्या शिपायाप्रमाणे गर्दी कधी सैल सोडते, कधी आवळते. आणि क्षीण लहरीचीच थोरली प्रतिमा पलीकडे उमटते. दोन अग्रांचा व्हॉल्व्ह इंग्लंडात फ्लेमिंगने १९०४ साली केला. त्यात जाळी घालण्याची युक्ती ली द फॉरेस्ट या अमेरिकनाची, १९०६ सालची. पुढे १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पाव शतकाच्या आत बहुतेक घरांतून व्हॉल्व्हची गच्छंती झाली. गंमत अशी, की त्याच १९४७ साली विल्यमसन याचा प्रसिद्ध व्हॉल्व्ह अँप्लिफायर 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापून आला होता. म्हणजे ज्या साली वारस जन्मला, त्याच साली म्हातारा ऐन भरात होता!

आता आपल्या मुलखाकडे वळू. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज. अब्दुल करीम खाँसाहेब तेथे राहिले. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, हे या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यांच्या अगदी आरंभीच्या तबकड्या १९०४–०५ च्या सुमाराच्या. तेव्हा गवयाने कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची, एवढाच प्रकार होता. व्हॉल्व्हचा त्यात संबंध नव्हता. १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. म्हणून खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतल्या ज्या तबकड्यांनी आपल्या वाडवडिलांना वेड लावले, त्यांतला प्रत्येक सूर मेणावर उतरण्याआधी मायक्रोफोनमागच्या व्हॉल्व्हमधून गेलेला आहे.

यावरून शौकीन मंडळी एक मोठे देखणे अनुमान काढतात: व्हॉल्व्हमधून टिपलेले गाणे व्हॉल्व्हमधूनच ऐकावे, म्हणजे ते मूळच्या रूपात मिळेल. अनुमान देखणे आहे, पण खरे नाही. दुधात एकदा साखर पडली आहे, म्हणून ती दुसऱ्यांदा घातल्याने दूध मूळपदावर येत नाही. ते दुप्पट गोड होते.

मग ही साखर तरी कसली? येथे मिरजेच्या कारागिरांकडून एक शब्द उसना घेतो. तेथे तंबोरे आणि सतारी घडतात. त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची घोडी नुसती गुळगुळीत असली, तर तार वाजते, पण बोलत नाही. कारागीर घोडीचा माथा कानाने तपासत तपासत घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि एका जागी तार एकाएकी उमलते. एका सुरातून अनेक सूर झिरपू लागतात. यालाच आपण जवारी म्हणतो. ताठ हिशेब करणाराने पाहिले, तर तार घोडीला घासते आहे हा दोषच. पण त्या दोषावाचून तंबोरा मुका आहे.

व्हॉल्व्ह हेच करतो, फक्त काचेत बसून. आलेल्या लहरीची प्रतिमा तो पुरती प्रामाणिक काढत नाही. एका अंगाला किंचित झुकती काढतो. त्या झुकण्याने मूळ सुरात त्याच्या दुपटीचा सूर मिसळतो. षड्जाची आंदोलने सेकंदाला २०० धरली, तर मिसळलेला सूर ४०० चा, म्हणजे तार षड्ज. गाणाऱ्याच्या मागे कोणी तरी अगदी हळू वरचा सा धरून बसावे, तसा. कानाला तो परका वाटत नाही. आवाज भरलेला, ऊबदार वाटतो. ट्रान्झिस्टरच्या पहिल्या पिढीतल्या पुष्कळ यंत्रांचा दोष निराळ्या जातीचा होता. तेथे लहरीचा वरचा अर्धा भाग एकाने आणि खालचा दुसऱ्याने उचलायचा असे. हाती देताना मध्ये ठेच लागे. त्या ठेचेतून वरच्या पट्टीतले असे विषम सूर निघत, की त्यांतला सातवा तर आपल्या सप्तकात कोठेच नीट बसत नाही. शिवाय ही ठेच हळुवार जागी अधिक बोचे. व्हॉल्व्हची साखर ज्यांच्या जिभेवर होती, त्यांना हा खडा लागला, आणि 'नवे यंत्र कोरडे' हा शिक्का बसला तो बसलाच. वास्तविक पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले, मांडणी सुधारली, आणि आजच्या चांगल्या यंत्रात दोष शेकडा एक शतांशापेक्षाही कमी असतो. उलट व्हॉल्व्ह म्हणजे गोडवाच, हेही खरे नव्हे. १९४५ सालच्या इंग्लंडातल्या लीक अँप्लिफायरचे नावच 'पॉइंट वन' होते. शेकडा एक दशांश दोष, हा त्याचा अभिमान. त्या काळच्या उत्तम कारागिरांना साखर नको होती. त्यांना स्वच्छ पाणी हवे होते. आजचा शौकीन ज्या एकेरी व्हॉल्व्हवर लुब्ध होतो, त्याची शक्ती जेमतेम आठ वॉट आणि आवाज चढवला की दोष शेकड्याला काही टक्के. आजोबा ज्याच्यापासून सुटू पाहत होते, त्यालाच नातू पैसे मोजून घरी आणतो आहे!

मात्र आपल्या गाण्याच्या बाबतीत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. असे झुकते यंत्र एका वेळी दोन सूर आले, तर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही वाजवते. तंबोऱ्याचा षड्ज २०० आणि गवयाचा पंचम ३०० घ्या. बेरीज ५००: तो तार सप्तकातला गंधार. वजाबाकी १००: तो मंद्र षड्ज. दोन्ही घरचेच! एक गळा, एक तंबोरा आणि गवयाने वारंवार सा-ग-पवर विसावणे, अशी आपल्या गायकीची बैठक असल्याने यंत्राचा हा आगाऊपणा पुष्कळदा सुरात पडतो. कोमल ऋषभावर गवई थांबला, की हेच गणित बिघडते. आणि शेकडो वाद्यांचे निरनिराळे सूर एकदम येतात तेव्हा तर या बेरजा-वजाबाक्यांचा नुसता बाजार भरतो. ज्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी सुरांची आंदोलने मोजून १९१० साली श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्या गावाला तरी गोडव्याचे गणित मांडले म्हणून राग येऊ नये.

सांगलीतल्या एका स्नेह्याकडे आम्ही याची परीक्षा केली. दोन यंत्रे पडद्याआड, आवाज मोजून सारखा. कारण किंचित मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो आणि दुकानदार त्याचा फायदा घेतो. खाँसाहेबांची भैरवी दोन्हींवर लावली. स्नेह्याच्या मातोश्री डोळे मिटून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, पहिला जवळ बसून गातो. दुसरा नीट गातो." पहिला व्हॉल्व्हचा होता. मग एक मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद लावला. काकू लगेच उद्गारल्या, "आता पहिल्याकडे सगळे एकमेकांच्या अंगावर पडताहेत!" या दोन वाक्यांपेक्षा अधिक चोख परीक्षण मी कुठल्याही मासिकात वाचलेले नाही.

जवारी आणि व्हॉल्व्ह यांत फरक आहे तो येथे. जवारी गवई आपल्या गळ्याला साजेल अशी लावून घेतो. ती त्याची निवड आहे. व्हॉल्व्ह कोणाला विचारत नाही. खाँसाहेब असोत, शेतमालाचे बाजारभाव असोत की लग्नातली सनई, सर्वांवर तो एकच पाक ओततो. कादंबरीकार आपल्या पात्रांना रंग देतो तेव्हा तो त्याचा अधिकार असतो. पण छापणाऱ्याने सगळ्याच कादंबऱ्या गुलाबी शाईत छापल्या, तर त्याला आपण रसिक म्हणू काय? म्हणून घरी बसून आपल्या आनंदासाठी व्हॉल्व्ह लावावा, जरूर लावावा. परंतु 'हाच खरा आवाज' असे मुलांना सांगू नये. गेलेल्या गवयांची आज एवढीच ठेव आपल्याजवळ आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती देताना त्यात आपल्या आवडीचे किती आणि त्यांचे किती, हे निवडून देणे आपले कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट या गोडव्याच्या गप्पांत विसरली जाते. व्हॉल्व्हचा रेडिओ ऐटबाज होता खरा: लाकडी पेटी, मागून येणारी ऊब, स्टेशन जुळले की मिटत येणारा हिरवा डोळा. पण त्याला घरात वीज लागे, नाही तर जड, महाग बॅटरी. कोयनेची वीज १९६२ साली निर्माण होऊ लागली, १९६३ साली सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. पण वाड्यावस्त्यांवर तारा पोचायला पुढे कित्येक वर्षे लागली. त्या मधल्या काळात कृष्णाकाठच्या उसाच्या बांधावर, मेंढरांच्या मागे, वाड्याबाहेरच्या झोपडीत गाणे पोचवले ते ट्रान्झिस्टरने, टॉर्चच्या सेलवर. तो आवाज चिरका होता. तरी ज्याने आयुष्यातली पहिली भीमपलासी त्या चिरक्या डबीतून ऐकली, त्याच्या कानात तोच आवाज ऊबदार आहे. वाड्यातल्या माडीवरची आठवण तेवढी अभिजात आणि बांधावरची ती हलकी, असा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला नाही.

तरीही व्हॉल्व्ह टिकून आहे, आणि नुसत्या हौसेवर एवढे काही टिकत नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी आपल्याकडे व्हॉल्व्ह बनवले. आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, आणि त्यांचे कारखाने बरेचसे गिटारवाल्यांच्या मागणीवर चालतात. मला वाटते, या टिकण्यामागे आवाजाइतकीच ऐकण्याची रीत आहे. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागते. त्या अर्ध्या मिनिटात माणूस बसतो, खुर्ची सरकवतो, कोणाला तरी हाक मारतो. आत तीनशे व्होल्टांचा दाब असतो आणि तो बंद केल्यावरही काही वेळ राहतो, म्हणून मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. मुले लांब बसतात आणि बसली म्हणून ऐकतात. खिशातल्या यंत्रावर एका बोटाने येणारे आणि दुसऱ्या बोटाने जाणारे गाणे अधिक शुद्ध असेल. पण त्याच्यासाठी कोणी बसत नाही. हा गुण व्हॉल्व्हचा नव्हे, बसणाऱ्याचा आहे; म्हणूनच तो फुकट मिळू शकतो.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी, आश्विन वद्य पंचमीला, सातारा जिल्ह्यातल्या औंधला गाणे होते. अंतूबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो उत्सव १९४० साली सुरू केला. यंत्र घेण्याचा विचार असणाऱ्याने आधी एकदा तेथे जाऊन जिवंत गळा आणि जिवंत तंबोरा ऐकावा. मग घरी येऊन हवे ते यंत्र लावावे, काचेचे किंवा बिनकाचेचे. कान एकदा खऱ्याला लागले, की साखर किती घातली आहे ते त्यांना आपोआप कळते. आणि कळून खाल्लेल्या साखरेला, निदान सणासुदीला तरी, कोणी नावे ठेवू नयेत.